दोन्ही हात वर करू नका : रेलफॅन मंडळींना खुलं पत्र

प्रिय रेलफॅन मंडळींनो,

गाड्यांचे फोटो-व्हिडिओ काढायला येणाऱ्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी ओळखतो. नावानं नाही. पळसदरीच्या वळणावर काळी छत्री घेऊन उभा राहणारा एक. कर्जतला प्लॅटफॉर्मच्या मुंबईकडच्या टोकाला, जिथे बँकर, म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणारी इंजिनं, जोडतात तिथे, रविवारी हटकून दिसणारे तिघं. लोणावळ्याच्या अलीकडे पिवळ्या रेनकोटातले बाप-लेक. त्यातला लेक बघता बघता बापापेक्षा उंच झाला. तुम्हाला आमच्या इंजिनांचे नंबर पाठ, आम्हाला तुमच्या छत्र्या.

१९८७ साली मी सहायक ड्रायव्हर म्हणून लागलो. निवृत्त झालो तेव्हा पदाचं नाव लोको पायलट झालं होतं आणि गार्डसाहेबांचं ट्रेन मॅनेजर. भोर घाटात इंजिनाच्या खिडकीत बसून जे दिसलं त्यावर हे पत्र आहे. नोकरीत असताना असं काही लिहिणं शहाणपणाचं नसतं.

कारणही सांगतो. मागच्या पावसाळ्यात कर्जतला वडापाव खात होतो. मी कोण हे कळल्यावर एका मुलानं विचारलं, "काका, आम्ही शूट करतो तेव्हा तुम्हाला नक्की काय वाटतं?" मी म्हटलं, "बरं वाटतं रे." पोरगं खूश होऊन गेलं. उत्तर खोटं नव्हतं, पण पुरं नव्हतं. उरलेलं आता सांगतो.

बरं का वाटतं, ते आधी. आमच्याकडे बघणारे डोळे काही कमी नाहीत. लॉबीत साइन ऑन करायचं, म्हणजे ड्युटीची हजेरी लावायची, तर आधी नळीत फुंकर मारायची, म्हणजे प्यायलेला नाही याची खात्री. गाडी निघाली की वेगाचा हिशेब यंत्रात साठत जातो. कुठे किती पळालो, ब्रेक केव्हा लावला, सगळं नंतर काढून बघतात. मिनिटभर हँडल, हॉर्न, ब्रेक यातल्या कशालाच हात लागला नाही तर दिवा पेटतो, मग भोंगा वाजतो, तरीही हललो नाही तर गाडी स्वतःच ब्रेक घेते. आता कॅबमध्ये आवाज आणि चित्र टिपणारी यंत्रंही बसू लागली आहेत. शिवाय लोको इन्स्पेक्टर रात्री कुठेतरी झुडपाआड उभे राहून ड्रायव्हर जागा आहे का ते तपासतात, त्याला अँबुश चेक म्हणतात. (झुडपामागची सावली इन्स्पेक्टरची की तुमच्यापैकी कुणाची, हे अंधारात आम्हाला कधीच कळलं नाही. दोघांसाठी आम्ही सारखेच ताठ बसायचो.) आमच्याकडे बघणाऱ्या प्रत्येक डोळ्यामागे एक फॉर्म असतो. तुमच्या डोळ्यामागे नव्हता. एवढ्याचंही आम्हाला अप्रूप होतं.

आणि तुम्ही कशाला भुलता तेही आम्हाला कळतं, कारण आम्हीही त्यालाच भुललो. मी लागलो तेव्हा खेकडा म्हातारा झाला होता. खेकडा म्हणजे डब्ल्यूसीजी-१, पुढे-मागे लांब नाकं असलेलं, स्विस वळणाचं इंजिन. ते चालताना डुलायचं आणि उभं असताना कण्हायचं. बाहेरच्या जगात त्या जातीला मगर म्हणतात. आमच्या माणसांनी त्याला खेकडा केलं. त्याला पहिल्यांदा हात लावला तेव्हा मीही तुमच्यासारखाच खुळावलो होतो. घाटाच्या चढाला सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, ही चढण १८६३ पासून तीच आहे. पाऊस कोसळतोय, तीन बँकर मागून रेटतायत, पुढे बोगद्याचं काळं तोंड. अशा वेळी इंजिनात बसलेल्या माणसालाही वाटतं, हे कुणीतरी बाहेरून बघायला हवं. आम्हाला ते बाहेरून कधी दिसत नाही ना.

बँकरवाल्यांना तर काहीच दिसत नाही. त्यांच्या काचेसमोर असते शेवटच्या डब्याची पाठ. पूर्ण घाट ती पाठ बघत रेटायचा. पुढचा सिग्नल लाल की हिरवा, हे वॉकीटॉकीवर ऐकायचं; आमच्या सुरुवातीच्या काळात तर नुसत्या शिट्ट्यांच्या खुणांवर चालायचं. लोणावळ्याला गाडी सोडायची आणि रिकामं इंजिन घेऊन पुन्हा कर्जत. पुण्याला पोचलेल्या प्रवाशाला आपल्याला वर कुणी ढकललं याचा पत्ताही नसतो. पण तुम्हाला असतो. तुमच्यातले कितीतरी जण गाडीचं तोंड सोडून शेवटच्या तीन इंजिनांसाठीच पावसात उभे राहतात. बँकरच्या खिडकीतला माणूस तुम्हाला हात करतो तो उगाच नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मी हात आखडून लिहिणार नाही.

तुम्ही समजता की तुम्ही बघे आहात. आमच्या हिशेबात रुळाच्या कडेला बघ्या नावाचा प्राणीच नसतो. तिथे जे जे दिसतं ते सगळं आम्हाला वाचावं लागतं. मी आणि माझा सहायक प्रत्येक सिग्नल हात करून मोठ्यानं बोलतो, "डिस्टंट हिरवा", "होम पिवळा". त्याच डोळ्यांनी कडेचा माणूसही वाचायचा असतो. तो उभा आहे की चालतोय? पाठमोरा आहे का? कानात काही घातलंय का? रूळ ओलांडायच्या बेतात आहे, की तिथे येऊन थांबण्यामागे त्याचा काही दुसराच विचार आहे? शेवटचा प्रश्न आम्ही मोठ्यानं बोलत नाही. मुंबईच्या लोकल मार्गांवर अलीकडच्या वर्षांतही वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. आमच्या कागदात त्याला एम.आर.ओ. म्हणतात, मॅन रन ओव्हर. गुरांचं वेगळं, सी.आर.ओ. पुढच्या स्टेशनला मेमो द्यायचा, पाणी प्यायचं आणि गाडी पुढे न्यायची. ज्याच्या हातून असे मेमो लिहून झालेत त्याला कॅमेरा घेतलेला मुलगा आधी कॅमेऱ्यासकट दिसत नाही. आधी नुसता माणूस दिसतो, रुळापासून चार हातांवर. कॅमेरा नंतर दिसतो. त्या मधल्या दोन-तीन सेकंदांत आमच्या पोटात काय होतं ते तुमच्या व्हिडिओत येत नाही. हॉर्न तेवढा येतो, आणि खाली तुम्ही लिहिता, "काकांनी मस्त हॉर्न दिला!" अरे बाबा, तो तुला दिलेला नव्हता. तुझ्यावर ओरडलेला होता.

एका जुलैतली गोष्ट. पुण्याकडे चढत होतो. धुकं, पाऊस, काचेवरचा वायपर नावापुरता. वळण संपता संपता डाव्या हाताला तीन आकृत्या दिसल्या आणि त्यातल्या एकानं दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच केले. आनंदानं. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की दोन्ही हात डोक्याच्या वर धरणं म्हणजे 'थांबा'. नियमपुस्तकात चित्रासकट आहे. लाल झेंडा हाताशी नसेल तर गँगमन, गेटमन, गावकरी, कुणीही असाच गाडी थांबवतो. रात्री पांढरा दिवा आडवा जोरजोरात हलवला तरी अर्थ तोच. मोबाइलचा टॉर्च नाचवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. घाटात पावसाळ्यात माणूस हात वर करतो तो पुढे दरड आली म्हणून. विचार करायला वेळ नसतो आणि करायचाही नसतो. मी इमर्जन्सी ब्रेक टाकला.

गाडी थांबली. वॉकीटॉकीवर मागून बँकरवाले विचारायला लागले, काय झालं, काय झालं. सहायक उतरला, पुढे जाऊन आला. दरड नाही, झाड नाही. त्या तिघांचा पत्ता नाही. मग खरी परीक्षा सुरू झाली. सदतीसला एकच्या चढावर, ओल्या रुळांवर, भरलेली गाडी उभी. ब्रेक पाइपात पुन्हा हवा भरायची, गाडी मागे न सरकवता पुढच्या-मागच्या चारही इंजिनांनी एकाच वेळी जोर द्यायचा, चाकं घसरली की वाळू सोडायची. दोनदा घसरली, तिसऱ्या वेळी गाडी निघाली. उशीर झाला, मागच्या गाड्या अडल्या, मी खुलासा लिहून दिला. पोरं वाईट नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर जास्त राग आला. चोराला शिव्या देता येतात. आपल्यावर प्रेम करणाऱ्याला काय द्यायचं?

हॉर्नचंही तसंच. मूठ वर करून साखळी ओढल्यासारखं करता, आम्हाला कळतं. प्लॅटफॉर्मवर आईच्या कडेवरच्या पोरानं तसं केलं तर मी कधी नाही म्हटलं नाही, हे कबूल करतो. पण रुळावर काम करणाऱ्या गँगसाठी हॉर्न म्हणजे जीव. मुकादम, लुकआउटवाला, एकटा चालणारा चावीवाला, सगळे कानावर जगतात. वळणापलीकडे कुणासाठी तरी हौसेनं हॉर्न वाजला की दहा माणसं अवजारं टाकून रुळाबाहेर उड्या मारतात. असं चार वेळा उगाच झालं की पाचव्या वेळी एखादा सावकाश उठतो.

त्या गँगबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमच्या फोटोंत ते कुठेच नसतात, आणि असतात तेव्हा नको तसे असतात. तुमच्यावर मनापासून रागावलेलं कुणी असेल तर ती हीच माणसं. चावीवाला रोज आपली बीट चालतो, काही किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. खांद्यावर हातोडा, पाना, झेंडे, डिटोनेटर म्हणजे रुळावर ठेवायचे धोक्याचे फटाके. पूर्वी तो चाव्या ठोकायचा, आता क्लिपा बघतो, पण नाव चावीवालाच राहिलं. पावसाळ्यात रात्रपाळीचा पेट्रोलमन पाऊस धरलेल्या डोंगराखालून एकटा कंदील-बॅटरी घेऊन चालतो. घाटात हिल गँगची माणसं दोराला लटकून सुटे धोंडे पाडतात, म्हणून तुमची आवडती गाडी पावसाळ्यातही वर चढते. या माणसांचा व्हिडिओ मी एकदाच पसरलेला पाहिला. दुसऱ्या एका विभागातला, कुठला ते लिहीत नाही. मे महिना, दुपारी एकचा सुमार, झाडाखाली पाच-सहा जण आडवे झालेले. वर ओळ, 'बघा, आपल्या टॅक्सच्या पैशांवर.' पहाटेपासून राबून ती त्यांची जेवणाची सुट्टी होती. व्हिडिओ साहेबांपर्यंत पोचला आणि मुकादमाच्या हातात एस.एफ. ११ आला. एस.एफ. ५ म्हणजे मोठी चार्जशीट, ११ म्हणजे धाकटी. धाकटीनंही वर्षाची वेतनवाढ जाऊ शकते. शेवटी तो सुटला. पण त्यानंतर त्या गँगला लांबून कॅमेरा दिसला की ती माणसं पाठ फिरवायची. तो व्हिडिओ काढणारा रेलफॅन नव्हता, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटतं. पण पाठ फिरवणाऱ्याला तुमच्यातला फरक कसा कळायचा?

पॉइंट्समनचं वेगळं. तो इंजिन आणि डब्याच्या मध्ये शिरून कपलिंग करतो. तिथे एक चुकीची हालचाल झाली तर माणूस चेंगरतो. आणि नेमका तोच तुमचा आवडता शॉट. दोन फुटांवर येऊन "दादा, इकडे बघा" म्हणू नका. त्यानं तिकडेच बघायला हवं.

बायकांबद्दलही लिहायला हवं. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी ८ मार्च २०११ रोजी पुण्याहून डेक्कन क्वीन घाट उतरवून मुंबईला आणली तेव्हा स्टेशनात कॅमेरेच कॅमेरे होते, आणि ते हवेच होते. आता मुली सहायक म्हणून भराभर येतायत. त्यांचं नवल ओसरलं, तरी कॅमेरा ओसरत नाही. इंजिनाचा नंबर सोडून काच भेदून आतली मुलगी टिपायची, आणि मग त्याखाली लोकांनी काय काय लिहायचं! आमच्या बहुतेक इंजिनांत अजून संडास नाही. जी मुलगी आठ-नऊ तास हे सोसून गाडी चालवते, तिला किमान तुमच्या लेन्सपासून तरी सुट्टी मिळावी. तिला विचारून काढा. ती नाही म्हणाली तर इंजिनं पुष्कळ आहेत.

कॅबमध्ये घ्या म्हणून मागे लागू नका. "एकच मिनिट काका, कुणाला कळणार नाही." कळतं, कारण तुम्हीच अपलोड करता. परवानगीशिवाय इंजिनात माणूस घेतला की आमच्या नोकरीवर येतं. तुमच्या वाट्याला लाइक्स, आमच्या वाट्याला खुलासा.

कायद्याचं तुम्हाला माहीत असणारच. रेल्वे अधिनियम १९८९, कलम १४७, हद्दीत विनाकारण शिरलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२३च्या जुलैत दूधसागरला रुळांवरून चालत गेलेल्या ट्रेकर लोकांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, त्याचे व्हिडिओ तुम्ही हसत हसत पाहिले असतील. मला उठाबशांत रस नाही. मला काळजी तारेची वाटते. मी लागलो तेव्हा मुंबईच्या बाजूला डीसी करंट होता, १,५०० व्होल्ट. आता सगळीकडे २५,००० व्होल्ट एसी आहे. या तारेला हात लागावाच लागत नाही, जवळ गेलात तरी ती ओढून घेते. थांबलेल्या मालगाडीच्या टँकरवर चढून सेल्फी काढणारी पोरं अशीच गेली. पुलावरून सेल्फी स्टिक खाली सोडणाऱ्यांनीही इथे थोडं थांबून विचार करावा.

तुम्ही म्हणाल, काकांनी सगळा चिखलच उपसला. मग हेही ऐका. एकदा एका छोट्या स्टेशनावर आमची मालगाडी थ्रू, म्हणजे न थांबता, चालली होती. मागच्या एका वाघिणीचा, म्हणजे मालडब्याचा, ब्रेक चिकटून चाक तापलं होतं, धूर निघत होता. आम्हाला पुढून दिसायचं कारण नव्हतं. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरानं ते पाहिलं. त्यानं कॅमेरा खाली केला, धावत जाऊन स्टेशन मास्तरला वाघीण इंजिनापासून साधारण कितवी तेसुद्धा सांगितलं. मास्तरांनी पुढच्या स्टेशनला गाडी उभी करवली. ब्रेक सोडवला, चाक निवलं, गाडी गेली. त्या पोराचं नाव कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही. एवढ्या बारकाईनं गाडी बघणारी माणसं आमच्याकडे पगारावरही कमी आहेत. तसं काही दिसलं तर स्टेशन मास्तर, गेटमन, नाहीतर १३९ वर फोन. व्हिडिओ नंतर.

आणखी एक. तीन दशकांहून जास्त नोकरी केली, पण माझा कामावरचा फोटो घरात नव्हता. ड्युटीवर मोबाइल बंद, आणि त्याआधी मोबाइलच नव्हते. निवृत्तीनंतर माझ्या भाच्यानं इंटरनेटवर शोधाशोध केली. घाटातले शेकडो फोटो निघाले. इंजिनाचा नंबर लखलखीत, शेडचं नाव लखलखीत, बफरवरचं ग्रीससुद्धा दिसतंय, आणि खिडकीत काळोख. माणूस म्हणून एखादं कोपर. तारखा आणि माझी डायरी जुळवून त्यानं एक फोटो दाखवला आणि म्हणाला, मामा, हे तुम्हीच. मला काही पटेना. बायको चष्मा लावून आली, बघितलं आणि म्हणाली, "तुमचाच आहे. टॉवेल आपला आहे." खिडकीच्या कडेला कोपराखाली निळ्या काठाचा टॉवेल होता. पत्रा तापतो म्हणून मी तो घालायचो. फोटो आता बाहेरच्या खोलीत लावलाय. पाहुण्यांना टॉवेल दाखवतो.

ज्यानं तो काढला त्याचे आभार कसे मानू? तो प्लॅटफॉर्मवर उभा होता की रुळाशेजारी, हे फोटोच्या कोनावरून मला कळतं. प्लॅटफॉर्मवर होता. म्हणून आभार विनाशर्त.

तर पुढच्या रविवारी कर्जतला याल तेव्हा बँकर जोडून होऊ द्या, पॉइंट्समन बाहेर येऊ दे, हात पुसू दे. मग त्याला त्याचं नाव विचारा आणि विचारून त्याचा एक फोटो काढा, चेहऱ्याचा. त्याच्या घरीही नसणार.

आपला,
घाटातला एक निवृत्त लोको पायलट, कल्याण

ता. क. : "मग हात करायचाच नाही का?" असं वडापाव खाताना भेटलेला तो मुलगा विचारणार, मला ठाऊक आहे. प्लॅटफॉर्मवरून करा की, खुशाल. पण एकच हात. तो वर-खाली हलवलात तर पुस्तकात त्याचा अर्थ 'जपून या'. आडवा, स्थिर धरलात तर 'जा'. दोन्ही आम्हाला चालतील.